इंटरनेटवरील दूरध्वनि आणि त्याची जोडणी

खरेदी-विक्री संघ, शीतगृहें व दूधसंस्था यांच्या कचेऱ्यांत अलीकडे इंटरनेटवरून चालणारा दूरध्वनि बसविला जात आहे. यंत्राची किंमत सारेच विचारतात. जोडणीची चौकशी करणारे थोडे. मग ऐन द्राक्षहंगामांत व्यापाऱ्याशीं भाव ठरत असतांना बोलणें तुटतें आणि दोष यंत्रावर येतो.

नेहमींच्या पद्धतीनें एका संभाषणास जातांना व येतांना प्रत्येकीं सुमारें 87 किलोबिट प्रतिसेकंद इतका वेग लागतो. दहा जण एकदम बोलले तरी 1 मेगाबिटच्या आंत काम भागतें. तेव्हां 100 मेगाबिटच्या जाहिरातीला भुलण्याचें कारण नाहीं. महत्त्व आहे तें प्रवाहाच्या एकसारखेपणास. आवाजाचे बारीक तुकडे सेकंदास बहुधा 50 या प्रमाणांत धाडले जातात. पत्र उशिरा पोंचलें तरी वाचतां येतें; उशिरा आलेला आवाजाचा तुकडा मात्र टाकूनच द्यावा लागतो. पाटाचें पाणी बेताचें पण अखंड असावें, तसेंच हें आहे. एका बाजूचा आवाज दुसरीकडे 150 मिलिसेकंदांच्या आंत पोंचला म्हणजे बोलणें सहज चालतें.

या कसोटीस फायबरची तार सर्वांत उतरते. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना 2011 सालीं मंजूर झाली. तथापि पंचायतीपर्यंत आलेली तार आपल्या कचेरीपर्यंत येईलच असें नाहीं, हें आधीं पाहावें. तांब्याच्या तारेवर अंतराबरोबर वेग घटतो. मोबाइलची जोडणी बाजाराच्या दिवशीं गर्दीनें मंदावते. ती राखीव म्हणून ठेवावी. 35,786 किलोमीटर उंचीवरील स्थिर उपग्रहावरून आवाज पोंचण्यास जवळजवळ पाव सेकंद लागतो व दोघे एकमेकांचें बोलणें तोडतात. सुमारें 550 किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांत हा दोष नाहीं.

विजेचा विचार बहुतेक विसरतात. जुन्या तारेच्या फोनास वीज एक्स्चेंजमधूनच मिळे. गांवांत अंधार असला तरी तो वाजे. फायबरची पेटी, राउटर व फोन यांना ती सोय नाहीं. तिन्ही इन्व्हर्टरवर घ्यावींत.

करार करण्यापूर्वीं कामाच्या गर्दीच्या वेळींच जोडणी तपासून पाहावी, आणि माहिती बाहेर धाडण्याचा वेग किती, हें लेखी घ्यावें. दुसरी जोडणी दुसऱ्या कंपनीची घेतली तरी दोन्ही तारा एकाच चरांतून आल्या आहेत काय, तें विचारावें. रस्त्याच्या कामावरील जेसीबी दोन्ही एकदमच तोडतो.