दगडातून निघालेला किडा

रत्नागिरी

चि. बाळ,

काल फोनवर तू फार घाबरलेला होतास. "दगडातून केसाळ गोम निघाली, आता समुद्री माशांची अख्खी टाकी रिकामी करतो" म्हणालास. तसं करू नकोस, म्हणून हे पत्र.

ती गोम नाही, ब्रिसलवर्म आहे. इथे ओहोटीला कातळावरचा दगड उलटला की असले किडे दिसतात. उरलंसुरलं आणि मेलेलं खाऊन तो तुझी टाकी स्वच्छच ठेवतो. फक्त उघड्या हाताने धरू नकोस. त्याचे केस कुसळासारखे बोटात रुततात आणि आग आग होते. एखादा रात्री दिसला तर चिंता नाही. पण भरदिवसा खूपसे बाहेर पडले तर आधी पाणी तपास. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि तुमच्या आदिलाबादचा मे महिना मला ठाऊक आहे.

नवा जीव दिसला की त्याचं नाव नंतर शोध, आधी तो काय करतो ते बघ. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद बांध. लाल उजेडात हे जीव सहसा बुजत नाहीत. काचेवर मोहरीएवढी पांढरी वेटोळी असतील तर ती नळीतल्या किड्यांची घरं, राहू देत. रात्री टक्‌टक् आवाज येऊन मासे कमी होऊ लागले तर मात्र मँटिस श्रिंप नावाची शिकारी असू शकते; दगडात बोट घालू नकोस.

एक चूक मी केली, ती तू करू नकोस. माझ्या टाकीत तपकिरी, काचेसारखं नितळ, फुलासारखं काहीतरी उगवलं. मी ते चिमट्याने ओरबाडलं. ते ऐप्टेशिया नावाचं समुद्रफूल होतं. त्याच्या उरलेल्या तुकड्यातून नवं उगवतं, आणि महिन्याभरात दगडभर तेच झालं. असं एकटंदुकटं दिसलं तर दगडच बाहेर काढून तेवढा भाग फोडून टाक.

आणि बाळ, तो दगड कुठून आणलास? प्रवाळ असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आडवा येतो. भित्ती बांधणारे प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदार काहीही सांगो, पुढच्या वेळी भाजलेल्या मातीचे तुकडे घे. त्यावरही हळूहळू जीव धरतो.

टाकीतलं काहीही मावला तलावात किंवा पैनगंगेत ओतू नकोस. समुद्रातले जीव तिथे मरतील, पण मीठ तिथल्या जिवांना बाधेल. शिवाय सवय वाईट; परका जीव एकदा शिरला की पसरतो. अमेरिकेकडची मायटिलोप्सिस नावाची शिंपली जहाजांबरोबर आली, १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात सापडली आणि पुढे मुंबईच्या गोदीतही पसरली. काढलेला दगड गच्चीवर उन्हात कडकडीत वाळव.

आज रात्री अकरानंतर बघ. किड्याशेजारी काचेला बाहेरून पट्टी लावून फोटो काढ, त्याने काय खाल्लं ते वहीत लिही, आणि मला पाठव.

तुझी,
मावशी