रेशमाच्या परांचीवर नवे हाड

पैठणची पैठणी सर्वांना ठाऊक आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील या गावाला ज्या रेशमाने नाव मिळवून दिले, तेच रेशीम मोडलेल्या हाडाच्याही उपयोगी पडू शकते. कसे ते पाहू.

साधे मोडलेले हाड प्लास्टरमध्ये ठेवले की काही आठवड्यांत आपोआप सांधते. पण अपघातात हाडाचा मोठा तुकडाच नाहीसा झाला, तर ती पोकळी शरीराला भरून काढता येत नाही. अशा वेळी शल्यचिकित्सक रोग्याच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तेथे बसवतात. ही पद्धत खात्रीची आहे. मात्र तीत दुसरी जखम करावी लागते आणि काढता येण्याजोगे हाडही थोडेच असते.

गवंडी आणि परांची

मग तेथेच नवे हाड वाढवता येईल काय? घर बांधायला गवंडी लागतो, तशी परांचीही लागते. येथे गवंड्याचे काम मूलपेशी करतात. अस्थिमज्जेतील या पेशींपासून हाडाच्या पेशी तयार होतात. त्या कोलॅजेन हे प्रथिन स्रवतात आणि त्यावर कॅल्शियम फॉस्फेटचे कण जमून हाड कठीण होते.

परांची सच्छिद्र हवी, म्हणजे पेशी व रक्तवाहिन्या आत शिरतील. ती बळकट हवी आणि काम होताच विरघळायला हवी. लवकर विरघळली तर आधार जातो. फार उशीर झाला तर नव्या हाडाची जागा अडते.

रेशीम येथेच उपयोगी पडते. कोश धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळले की सेरिसिन हा चिकट भाग निघून जातो. उरलेले फायब्रॉइन हे प्रथिन बळकट असते व शरीरात सावकाश विरघळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ व सहकाऱ्यांनी फायब्रॉइनचे सूक्ष्म कण जोडून अशी परांची बनवली; हे संशोधन 2018 साली प्रसिद्ध झाले.

खरी अडचण

रक्तवाहिनीपासून सुमारे 0.2 मिलिमीटरपलीकडे पेशींना पुरेसा प्राणवायू पोचत नाही. त्यामुळे मोठ्या परांचीत रक्तवाहिन्या वेळेवर पसरल्या नाहीत, तर मधल्या पेशी मरतात. म्हणूनच मूलपेशींनी मोठी पोकळी भरण्याचे काम अजून मुख्यतः संशोधनाच्या पायरीवर आहे. हमखास गुण येईल असे कोणी सांगितले, तर पुरावा विचारावा.

विचार करा : 1 सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती परांचीचा मध्य पृष्ठभागापासून किती दूर असेल? ते अंतर 0.2 मिलिमीटरच्या किती पट होते?