बाळ पुढच्या दारानं येऊ दे

मिरज,
गुरुवार

चि. मंदार यास,


मी ऐकलं ते खोटं असेल तर हे पत्र फाडून टाक आणि फोन करून मला हवं तेवढं बोल. खरं असेल तर मात्र शेवटपर्यंत वाच, आणि वाचून होईपर्यंत त्या माणसाशी बोलू नकोस. मीच फोन का केला नाही? कारण फोनवर तू "बघतो आत्या" म्हणतोस आणि विषय तिथंच संपतो. पत्र सोनललाही वाचता येईल, तिनं वाचावंच.

बापूंच्या नातवाच्या मुंजीत रेखानं मला बाजूला घेऊन सांगितलं. कुणी एक मध्यस्थ आहे, बाई आठव्या महिन्यात आहे, सोनल नोकरीचं निमित्त सांगून दोन महिने बाहेरगावी राहणार आणि परतेल ती बाळ घेऊनच. दवाखान्यात त्या बाईचं नाव लागणार नाही, सोनलचं लागेल. म्हणजे जन्माचा दाखला पहिल्या दिवसापासून तुमच्याच नावाचा. पैशाचा आकडाही तिनं सांगितला, तो मी इथं लिहीत नाही. रेखाला वाटलं मी खूश होईन. "एकदाचं पोरांचं मार्गी लागलं," म्हणाली. माझे हातपाय गार पडले.

आणि हे बघ, रेखाला कळलं म्हणजे निम्म्या भावकीला कळलं. जे गुपित मुंजीच्या मांडवात फिरतंय ते तू त्या बाळापासून जन्मभर लपवणार आहेस?

माझी अख्खी नोकरी प्रसूती कक्षात गेली. हा धंदा कसा चालतो ते मला ऐकीव नाही. त्या माणसानं तुला सांगितलं असेल की आपण हिंदू, आपल्याला १९५६ चा दत्तक कायदा आहे, नोटरीसमोर एक कागद केला की झालं. त्या कायद्यात मूल त्याच्या आईबापांनी उघडपणे द्यायचं असतं आणि दत्तकासाठी पैशाची देवघेव करायला त्यात साफ बंदी आहे. दुसऱ्या बाईला सोनलच्या नावानं भरती करायचं, याला दत्तक म्हणतच नाहीत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मूल विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, वर एक लाख दंड. दवाखान्यातली माणसं सामील असतील तर त्यांना तीन ते सात वर्षं. ते लोक हे जाणून असतात, म्हणून त्यांच्या कागदावर त्यांची नावं कुठंच नसतात. नावं असतात तुमची.

तुला शिक्षेची भीती घालावी म्हणून हे लिहीत नाही. मी जे पाहिलं ते सांगते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत अशाच एका जोडप्याकडचं बाळ पोलीस घेऊन आले होते, तपासणीसाठी. आठ महिन्यांचा मुलगा, बाळसेदार, कानात इवल्या बाळ्या. ती बाई रडत नव्हती. महिला कॉन्स्टेबलला ती एकसारखं सांगत होती की दूध मनगटावर थेंब टाकून बघा, जरा कोमट झालं तरी तो घेत नाही. झोपवताना डावा हात त्याच्या पाठीखाली लागतो. रात्री दोनला उठतो, पण घाबरू नका, नुसतं थोपटलं तरी चालतं. कॉन्स्टेबलनंही बिचारीनं सगळं ऐकून घेतलं. मग बाळ बाल कल्याण समितीपुढं गेलं आणि तिथून संस्थेत. आठ महिन्यांत त्या मुलाची दुसऱ्यांदा आई गेली. त्या बाईनं त्याला जीव लावण्यात कणभर कसर ठेवली नव्हती रे, पण ते मूल तिच्या घरी मागच्या दारानं आलं होतं. मागच्या दारानं आलेलं कुणीही कधीही मागायला येऊ शकतं.

दुसरं, ती आठव्या महिन्यातली मुलगी. तिचा विचार कुणी केलाय का? बाळ सोडून द्यायची वेळ आलेल्या पोरी मी जवळून पाहिल्या आहेत. पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडतात आणि तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला की "एकदा दाखवा ना सिस्टर" म्हणतात. कायद्यानं अशा आईला बाळ समितीच्या हवाली केल्यावरही साठ दिवस दिले आहेत, मन बदललं तर बाळ परत न्यायला. तुझा माणूस तिला साठ तास तरी देणार आहे का? उद्या ती तुमच्या दारात उभी राहिली तर तू तिला काय म्हणशील? पैसे दिलेत म्हणून?

रागावून लिहितेय, कळतंय मला. पण वाट पाहून तुम्ही किती थकला आहात हेही मला दिसत नाही असं समजू नकोस. दत्तकासाठी काराच्या पोर्टलवर नाव घातल्याला दोन वर्षं उलटून गेली. तुझ्या मागून लग्न झालेल्यांची दुसरी बारशी झाली. प्रत्येक सणाला तुझी आई सोनलच्या ओटीत नारळ घालताना जो सुस्कारा टाकते तो मी स्वयंपाकघरातून ऐकलाय. त्याआधीची ती इंजेक्शनं, ते पोटावरचे काळेनिळे डाग. सोनलनं फक्त मला दाखवले होते. मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच.

माझं तुला माहीत आहे तेवढंच सगळं नाही. तुझे आतोबा आणि मी एकदा पुण्याला एका संस्थेत जाऊन आलो होतो. तुम्ही तेव्हा लहान होता. पाळण्यांची एक लांब रांग होती, आणि तुझे आतोबा, जे भाजीवाल्याशीसुद्धा मोजून बोलायचे, एका पाळण्याशी वाकून बराच वेळ काहीतरी बोलत होते. काय, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. फॉर्म घेऊन आलो. सासूबाईंनी तीन दिवस अन्न सोडलं. "कुणाचं कोण घरात आणता?" एवढं एकच वाक्य. तेव्हाच्या कायद्यात दत्तक घ्यायचा हक्क नवऱ्याचा होता, बायकोची फक्त संमती लागायची. लग्न झालेल्या बाईलाही तो हक्क मिळाला २०१० साली. माझी संमती होती. त्यांना आईपुढं बोलता आलं नाही. फॉर्म कपाटातल्या विम्याच्या कागदांत राहिला आणि ते गेल्यावर वारसाची कागदपत्रं शोधताना माझ्या हाती आला. त्यांनी त्यांच्या सुबक अक्षरात सगळे रकाने भरून ठेवले होते. फक्त सही राहिली होती.

म्हणून तुम्ही नोंदणी केल्याचं कळलं त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली होती. आमचं लोकांपुढं अडलं, तुमचं निदान तिथं तरी अडलं नाही असं वाटलं. आणि आता ऐकते की सगळं चोरून करायचं ठरतंय, त्याच लोकांच्या भीतीनं.

कशासाठी चोरी, मंदार? दाखल्यासाठी? अरे, सरळ मार्गानं दत्तक घेतलं तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानंतर बाळाच्या जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून तुमचीच नावं येतात. सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तो व्हायच्या आधीच बाळ तुमच्या घरी आलेलं असतं, संगोपनासाठी म्हणून. मग खोटा कागद विकत घेऊन मिळवायचं काय?

की तुझ्या थोरल्या काकांसाठी? रक्ताचं काय, घराण्याचं काय, असं ते म्हणतात हे मला माहीत आहे. त्यांच्या दिवाणखान्यात शाहू महाराजांचा फोटो आहे ना? त्यांना एकदा आठवण करून दे की कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला तेव्हा त्याचे शाहू महाराज झाले. पण तो गादीचा दत्तक होता. मला त्याहून मोठं वाटतं ते फुल्यांचं. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचं मूल त्यांनी आपलं म्हणून वाढवलं, यशवंत. सगळ्या गावादेखत. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा यशवंतच्या हाती टिटवं द्यायला भाऊबंद आडवे आले, तर सावित्रीबाईंनी ते स्वतः उचललं आणि प्रेतयात्रेपुढं चालू लागल्या. भाऊबंदांची तोंडं तेव्हाही बंद नव्हती. पुढं यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात आई रुग्ण घेऊन यायची, मुलगा उपचार करायचा. आम्हा नर्सेसना ही गोष्ट शिकवायला हवी होती, मला ती पुष्कळ उशिरा कळली.

चोरून आणलेल्या बाळाला तू पुढं काय सांगणार? सरळ मार्गानं आलेल्या मुलाची एक फाईल असते. ते कुठं सापडलं, कुणी आणलं, वजन किती होतं, कुठल्या लसी झाल्या. मोठं झाल्यावर आपलं मूळ शोधायचा हक्कही त्याला कायद्यानं आहे. ज्या बाळाच्या आईचं नावच दवाखान्याच्या वहीतून पुसलं, त्यानं काय शोधायचं? ताप भरला आणि डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला फिट्स येतात का, तर सोनल काय उत्तर देणार? कर्णाला त्याचा जन्म कळला तो युद्ध तोंडावर आल्यावर, आणि सांगायला आले ते त्याच्याकडून काहीतरी हवं होतं म्हणून. तुझ्या मुलाला तो तुझ्याकडून कळू दे, अगदी लहानपणी, भात भरवताना. भावकीतल्या कुठल्या रेखाकडून नको.

आता जरा माझं शांतपणे ऐक. तुम्ही एकटे नाही आहात. गृहभेटीला समाजसेविका आल्या तेव्हा सोनल किती घाबरली होती! त्यांनी फ्रीज उघडून बघितला नाही की पगाराच्या चिठ्ठ्यांत नाक खुपसलं नाही. शेजारच्या कुलकर्णी आजींशी गप्पा मारल्या आणि तुम्हा दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, राग आला की काय करता. तुमच्यासाठी ओळखीच्या दोघांनी पत्रं लिहून दिली, खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर न मागता. ते सगळे त्या बाळाची वाट पाहताहेत. त्यांना पत्ता लागू न देता तू बाळ आणणार होतास. पुण्यात दत्तक पालकांचे गट आहेत, एकदा जाऊन बसा त्यांच्यात. १९६४ पासून सोफोशसारखी संस्था तुमच्या गावात आहे, १९७९ पासून भारतीय समाज सेवा केंद्र आहे. पिढ्यान् पिढ्या मुलं तिथून घरोघर गेली, त्यातली काही आता स्वतः आईबाप आहेत. तीन वर्षांहून जास्त थांबलेले लोक तिथं भेटतील, ते वाट पाहायची कशी ते सांगतील. मला ते सांगता येणार नाही, मी फक्त न मिळण्याची वाट पाहिली आहे.

वयाचं मनात घेऊन घाबरू नका. दोन वर्षांखालच्या बाळासाठी दोघांच्या वयाची बेरीज ८५ पर्यंत चालते, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठला १००. नोंदणी केली तेव्हा तुमची ७४ होती. आणि एक सुचवू? दडपण म्हणून नाही. तान्ह्या बाळासाठी रांग मोठी आहे. चार-पाच वर्षांची मुलं आईबापांची वाट पाहत बसलेली असतात. सोनल नकोच म्हणाली तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही.

तुझ्या आईचं मी बघते. माझ्या सासूबाईंपुढं जे बोलता आलं नाही ते वहिनीपुढं मला बोलता येईल, ती मनानं वाईट नाही. नातवाला पहिलं दुपटं तीच शिवेल, बघशील तू.

मुलाची माहिती आल्यावर हो म्हणायला ४८ तास असतात. त्या वेळी मला लगेच कळव, रात्रीचे दोन वाजले असले तरी. वैद्यकीय अहवाल मला वाचून दाखवायचा, वजन, डोक्याचा घेर, सगळं. न कळलेलं मी आमच्या जुन्या बालरोगतज्ज्ञांना विचारीन. बाळ घरी आल्यावर पहिले तीन-चार महिने मी तुमच्याकडेच राहणार, माझ्या गुडघ्यांचं कारण कुणी पुढं करायचं नाही. रात्रीचं दोनचं उठणं माझ्याकडे. मला तेवढंच नीट येतं.

त्या माणसाला आगाऊ पैसे दिले असतील तर गेले म्हण. ते मी माझ्या ठेवीतून भरून देईन, हिशेब मागणार नाही. फक्त त्याला नाही म्हण, आजच्या आज.

सोनल, तुझ्यावर मी रागावलेली नाही गं. बाहेरगावी दोन महिने एकटी राहायला तू तयार झालीस, यावरूनच कळतं की तुझं काय होत असेल.

रविवारी मी कोयना एक्सप्रेसनं येतेय. स्टेशनवर यायची गरज नाही, मी रिक्षा करीन. जेवायला थांबू नका, मी डबा आणणार आहे, सोनलला आवडते तशी सुक्या खोबऱ्याची चटणीही घेते.

तुझी,
सुमन आत्या