कीटकांस वासानें बोलावणाऱ्या वनस्पति

छत्रपति संभाजीनगरांतील छावणीच्या आठवडे बाजारांतून सुरणाचा कंद आपल्यापैकीं पुष्कळांनीं घरीं नेला असेल. परंतु सुरणाचें फूल पाहिलेले लोक थोडे, आणि ज्यांनीं पाहिलें त्यांस तें विसरतां येत नाहीं. पावसाच्या आरंभीं, पान फुटण्यापूर्वीं, जमिनींतून जांभळट रंगाचा मोठा मोहोर वर येतो, आणि अंगणांत उंदीर मेला असावा अशी दुर्गंधी सुटते. एखादा मनुष्य यास अपशकुन समजून उपटूनहि टाकील. वास्तविक ती दुर्गंधी आपणांसाठीं नाहींच. सडक्या मांसावर येणारे भुंगेरे व माश्या यांस तें आमंत्रण आहे. त्यांच्या अंगास लागलेला पराग एका मोहोरावरून दुसऱ्यावर जावा, एवढेंच सुरणाचें काम असतें. तो पाहुण्यांस खात नाहीं.

रानांतील कंदीलपुष्प, ज्याच्या कंदास खरपुडी म्हणतात, तें एक पाऊल पुढें जातें. वासानें आलेली बारीक माशी त्याच्या नळींत उतरते. आंतील केंस खालीं वळलेले असल्यामुळें तिला परत चढतां येत नाहीं. पुढें केंस सुकून मरगळतात, तेव्हां ती पराग घेऊन सुटते.

आतां ज्या वनस्पति पाहुण्यास सोडीतच नाहींत त्यांकडे वळूं. त्या इतर झाडांप्रमाणेंच हिरव्या पानांत उन्हाच्या साह्यानें आपलें अन्न तयार करितात. उणीव असते ती नायट्रोजनाची, म्हणजे जें आपण शेतास खतांतून देतों त्याची. सातारा जिल्ह्यांतील कासच्या पठारावर जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ आहे, आणि मुसळधार पाऊस त्यांतला कस धुऊन नेतो. तेथें दवबिंदू नांवाचें लहानसें रोप उगवतें. त्याच्या पानांवरील प्रत्येक केंसाच्या टोकास चिकट थेंब चकाकत असतो. त्यावर बसलेला किडा अडकतो, केंस त्याच्यावर वांकतात, आणि पानांतून पाझरणारा रस त्यास विरघळवून टाकितो.

पोर्तुगालांत दवबिंदूसारखेंच चिकट पानांचें एक झुडूप आहे. त्यास मधासारखा वास येतो. त्या देशांतील खेडुत माश्या धरण्यासाठीं तें आपल्या झोपड्यांत टांगून ठेवीत, अशी माहिती चार्ल्स डार्विन यांनीं 1875 सालच्या कीटकभक्षक वनस्पतींवरील आपल्या ग्रंथांत दिली आहे. घरांत माश्यांचा सुकाळ असलेल्या आम्हां लोकांस ही युक्ति ऐकून थोडा हेवा वाटतो! बोर्निओ बेटांतील एका घटपर्णीचे घट दोन प्रकारचे असतात. जमिनीलगतच्या घटांत बहुतेक मुंग्या पडतात. उंच वेलीवरील घटांस मात्र फुलासारखा गोड वास येतो, आणि त्यांत उडणारे कीटक येऊन बुडतात. आपल्या देशांतहि मेघालयाच्या डोंगरांत घटपर्णीची एक जात आहे. अमेरिकेंतील माशीपकड्या रोपाविषयीं 2014 सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, त्याच्या पानांतून साठाहून अधिक वासाचीं द्रव्यें सुटतात, आणि त्या रोपाकडे फळांवरील माश्या ओढल्या जातात.

येथें कोणी विचारील, फुलासहि कीटक पाहिजेत आणि पानासहि. मग पराग आणणारासच पानानें खाल्लें तर बीं कसें धरावें? ही अडचण खरी आहे. म्हणून यांतील पुष्कळ रोपें आपलें फूल लांब देंठावर, सांपळ्यापासून दूर धरितात. न्यूझीलंडांतील एका दवबिंदूविषयीं 2016 सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत फुलाचा वास व पानाचा वास वेगळा आढळला. एकाच रोपाचीं दोन दारें, आणि प्रत्येक दारावरची हांक निराळी.

कासचें रोप उपटून आणूं नये. शेणखताच्या कुंडींत तें जगत नाहीं. जें खत आपल्या कपाशीस जीवन देतें, तेंच त्याच्या मुळांस सोसत नाहीं. शाळेंतील मुलांस हा धडा दाखवावयाचा असेल, तर कुंपणापाशीं सुरणाचा मोठा, जुना कंद राहूं द्यावा. मोहोर वर आला म्हणजे नाकास पदर लावून मुलांस त्याजवळ बसवावें, आणि कोण कोण येतें तें पाटीवर लिहावयास सांगावें.