गोळ्या बंद केल्याने किडनी वाचत नाही

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णाचा रिपोर्ट आला, की घरच्यांची नजर आधी क्रिएटिनिनवर जाते. आकडा जरा चढलेला दिसला, की निदान ठरलेलंच: ‘एवढ्या गोळ्यांनी किडनी गेली.’ आणि गोळ्या बंद!

मध्यंतरी एक निवृत्त एसटी कंडक्टर आले. अँजिओप्लास्टीला तीनच महिने झालेले. क्रिएटिनिन १.१ चं १.३ झालं, म्हणून पुतण्याने सगळी औषधं थांबवली, मोबाइलवर पाहून ‘किडनी साफ करणारा’ काढा सुरू केला. वर रोज पाच लिटर पाणी आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफिनॅक. आले तेव्हा नडगीवर बोट दाबलं की खळगा पडत होता, आडवं झालं की दम लागत होता. क्रिएटिनिन ३.४! उपचारांनी ते सावरले. स्टेंट बंद पडला नाही, हे नशीब.

अटॅकनंतर हृदयाचं पंपिंग कमी झालं, की किडनीला रक्त कमी पोचतं. अँजिओग्राफीच्या डायनेही क्रिएटिनिन वाढू शकतं. बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत उतरतं. रामिप्रिल, टेल्मिसार्टन सुरू केल्यावर ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही सहसा चालवून घेतो, कारण या गोळ्या हृदयाला सांभाळतात. म्हणून तर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगतो. घाबरू नका, पण तपासणी टाळूही नका.

किडनीचं खरं नुकसान करतात त्या मनाने घेतलेल्या पेनकिलर आणि आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसलेल्या पुड्या. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, तेही विचारल्याशिवाय नको. पंपिंग कमी असेल तर पाणी किती प्यायचं, हे डॉक्टर ठरवतील; व्हॉट्सॲप नव्हे.

लघवी कमी झाली, पाय सुजले, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, उशीला उशी लावूनच झोप येऊ लागली, सतत मळमळ किंवा ग्लानी असली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जुलाब-उलट्या लागल्या तर लगेच फोन करा. काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते आम्ही सांगू.

स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. शंका आली तर रिपोर्ट घेऊन या, गोळ्यांची पिशवीही आणा. आमच्यासमोर बसून विचारा.