पिनबॉलची निगा

अमेरिकेत पिनबॉल नावाचा खेळ आहे. उतरत्या लाकडी फळीवर पोलादी गोळी सोडायची. ती खाली आली की बटण दाबायचे. आतला दांडा तिला वर टोलवतो. हे दांडे १९४७ साली आले. त्याआधी सारा हवाला नशिबावर! म्हणून न्यूयॉर्क शहराने १९४२ साली हा खेळ जुगार ठरवून बंद केला. बंदी उठली १९७६ साली.

आज तिथले हौशी लोक अशी जुनी यंत्रे घरी ठेवतात. यंत्राची खरी शोभा फळीवरच्या चित्रात. गोळी सुमारे ८० ग्रॅमची. ती गंजली की कानशीसारखी चित्र घासून काढते. गोळी नवी मिळते, चित्र गेले ते गेले. म्हणून फळी पुसावी, मेण लावावे, गोळी वेळेवर बदलावी. जुने दिवे तापतात, काचेवरचा रंग सुटतो. त्या जागी आता एलईडी दिवे बसवतात.

यंत्र उघडण्याआधी प्लग काढायचा, बरं का. नुसते बटण बंद करून भागत नाही. फ्यूज उडाला तर तेवढ्याच ताकदीचा घालावा. जाड तार गुंडाळून वेळ मारून नेणारे आपल्या गावातही आहेत! मग फ्यूज उडत नाही. आतले तारेचे वेटोळे जळते, आणि कधी घरही पेटते.