नवगावची दफनभूमी : बेने इस्रायलांच्या इतिहासाचे पहिले पान

कोकणात आडनावावरून गाव ओळखता येते. किहीमचा तो किहीमकर, पेणचा तो पेणकर, रोह्याचा तो रोहेकर, चौलचा तो चौलकर. एखादे आडनाव कानी पडले की त्या गावचा खाडीकिनारा, तिथल्या वाड्या आणि माडांची रांग डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु अशी आडनावे लावणारा एक समाज असाही आहे की, ज्याची प्रार्थनेची भाषा हिब्रू आणि घरची भाषा मराठी. तो समाज म्हणजे बेने इस्रायल, अर्थात ‘इस्रायलची संताने’. आपल्या मराठी मुलखातले हे ज्यू लोक. त्यांच्या इतिहासाचे पहिले पान कोणत्याही ग्रंथालयात नाही. ते रायगड जिल्ह्यातील एका खेड्यात, जमिनीवर उलगडून ठेवलेले आहे.

अलिबागच्या उत्तरेस, थळ आणि किहीम यांच्या मधल्या किनाऱ्यावर नवगाव हे लहानसे गाव आहे. (अलिबागच्या दक्षिणेचे नागाव ते वेगळे, नामसाम्यामुळे पुष्कळांची गफलत होते.) समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी ही बेटे दिसतात. या गावी बेने इस्रायलांची जुनी दफनभूमी आहे. तिची परंपरा काय सांगते, इतिहास काय सांगतो आणि आज आपल्या दृष्टीने तिचा अर्थ काय, याचा थोडक्यात विचार करण्याचे योजिले आहे.

दोन टेकाडांची कथा

परंपरा अशी : सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपली मायभूमी सोडून निघालेल्या ज्यूंचे एक गलबत या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेते नवगावच्या किनाऱ्याला लागली. वाचलेल्यांनी ती गोळा करून पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी एक अशा दोन मोठ्या खड्ड्यांत पुरली. त्या जागांवरचे उंचवटे नवगावला आजही दाखविले जातात. पुढे त्यांच्याच आसपास समाजाची दफनभूमी झाली आणि अलीकडच्या काळात तेथे एक स्मारकही उभे राहिले.

जहाजाबरोबर धर्मग्रंथ बुडाले, भाषाही पुढे विसरली गेली. मात्र चार गोष्टी टिकल्या : शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ‘शमा’ ही एक छोटी प्रार्थना. वाचलेल्यांनी तेलाच्या घाण्याचा धंदा धरला. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पुढे दाऊद रहाबी नावाचा कोणी विद्वान ज्यू त्यांच्याकडे आला. त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे मासे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. हा ज्यू धर्माचाच नियम. तेव्हा हे आपलेच लोक, अशी रहाबीची खात्री पटली. त्याने त्यांना धर्माचे शिक्षण दिले, असे ही कथा सांगते.

कथा आणि पुरावा

इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा कथेकडे कसे पाहावे? भाबडेपणाने तिच्यावर विश्वास ठेवू नये, तसेच उतावीळपणे ती धुडकावूही नये. ही परंपरा विस्ताराने लिहून ठेवली ती हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८९७ च्या सुमारास लिहून झाला आणि त्यांच्या पश्चात १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. त्यांनी हे आगमन इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, ग्रीक राजा अँटिओकस एपिफेनीस याच्या छळाच्या काळात झाले असावे, असे मत मांडले. तथापि त्या काळचा लेखी पुरावा उपलब्ध नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

उपलब्ध पुरावे पुढच्या काळातले आहेत. इ. स. १२०० च्या सुमारास मायमोनिडीज या थोर ज्यू पंडिताने एका पत्रात, भारतातील ज्यूंना शब्बाथ आणि सुंता यांपलीकडे धर्माची माहिती नाही, अशा अर्थाचा उल्लेख केला आहे. हे वर्णन बेने इस्रायलांचेच असावे, असे काही अभ्यासक मानतात. सन १७३८ मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याच्या पत्रात ‘बेने इस्रायल’ या नावाचा स्पष्ट उल्लेख येतो. रहाबीला परंपरा कित्येक शतके मागे नेते, तर काही संशोधक तो अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्यातला असावा, असे म्हणतात.

भूगोल मात्र कथेला अनुकूल आहे. नवगावच्या दक्षिणेस चौल हे प्राचीन बंदर. ग्रीक लेखकांचे ‘सेमिल्ला’ आणि अरब प्रवाशांचे ‘सैमूर’ ते हेच, असे मानले जाते. पश्चिम आशियातील व्यापारी जहाजे या बंदरात शतकानुशतके येत होती. त्यांतले एखादे गलबत बंदराच्या तोंडाशी खडकांवर फुटणे, यात अशक्य ते काय?

अगदी अलीकडे, २०१६ साली, बेने इस्रायलांच्या आनुवंशिक वारशाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरीव प्रमाणात आहेत आणि त्यांचा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला, असे त्यात आढळले. ज्यू वारसा अधिक करून पुरुषांकडून आणि स्थानिक वारसा अधिक करून स्त्रियांकडून आलेला दिसला. सात जोडप्यांच्या कथेशी हे तंतोतंत जुळत नाही. पण समुद्रापलीकडून आलेले पूर्वज या कथेच्या गाभ्याला त्याने बळकटीच मिळते. हा काळ संकराचा आहे, आगमनाचा नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. समुद्रातून वाहून आलेल्या प्रेतांची कथा चित्पावनांच्या उत्पत्तीविषयीही सांगितली जाते. तेथे परशुराम ती प्रेते जिवंत करतो. येथे वाचलेले लोक आपल्या मृतांना माती देतात. एकाच किनाऱ्यावरच्या दोन समाजांनी आपला आरंभ एकाच समुद्राच्या तोंडून सांगावा, हे कोकणच्या लोकमानसाचे मोठे बोलके उदाहरण होय. एका कथेतून नवजन्माचे क्षेत्र निर्माण झाले, दुसरीतून दफनभूमी.

दफनभूमीला ज्यू काय मानतात

हिंदू समाजात दहनानंतर मृताची जागा अशी उरत नाही. रक्षा पाण्यात जाते. ज्यू धर्मात दफन आवश्यक मानले आहे आणि कबर ही मृताची कायमची जागा समजली जाते. ती उकरून तेथे दुसऱ्याला पुरणे निषिद्ध. म्हणून गावातून समाज उठून गेला तरी दफनभूमीचे पावित्र्य संपत नाही. हिब्रूमध्ये तिला ‘बेथ हाईम’, म्हणजे जिवंतांचे घर, असे म्हणतात. मृताला साध्या पांढऱ्या कफनात पुरतात. श्रीमंत-गरीब असा भेद तेथे नसावा, हा त्यामागील हेतू. भेटीस येणारे थडग्यावर लहानसा खडा ठेवतात आणि बाहेर पडताना हात धुतात.

ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. मृतांसाठी म्हणावयाची ‘कद्दिश’ ही प्रार्थनाही त्याशिवाय होत नाही. आता कोकणातील खेड्यांचा विचार करा. ज्या गावात दहा पुरुष उरले नाहीत, तेथील प्रार्थनामंदिर मुके होते. दफनभूमी मात्र दहांची वाट पाहत नाही. तिला फक्त कुंपण आणि आठवण ठेवणारा कोणीतरी लागतो.

थडगी कशी वाचावीत

कोकणातील बेने इस्रायल दफनभूमी हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला खुले पुस्तक आहे. ते वाचण्याच्या काही खुणा येथे देतो.

पहिली खूण लिपीची. थडग्यांवर मराठी, हिब्रू आणि इंग्रजी या तिन्ही भाषा आढळतात. समाजाला हिब्रू लिपीची ओळख नव्याने झाली ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांनी या कामी हातभार लावला. मुंबईच्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले होते. तेव्हा त्यापूर्वीची थडगी मुकी असणे स्वाभाविकच. नवगावची दोन टेकाडे ही तर निरक्षर, पण सर्वांत बोलकी.

दुसरी खूण कालगणनेची. हिब्रू वर्ष अक्षरांनी लिहितात आणि प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते. हजारांचा आकडा बहुधा गाळलेला असतो. उदाहरणार्थ, ताव म्हणजे ४००, रेश म्हणजे २०० आणि हेत म्हणजे ८, एकूण ६०८. त्यात १२४० मिळवले की १८४८ हे इसवी सन मिळते. ज्यू वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास सुरू होत असल्याने मृत्यू वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांतला असेल तर एक वर्ष वजा करावे लागते.

तिसरी खूण ठराविक शब्दांची. लेखाच्या आरंभी पे आणि नून ही दोन अक्षरे असली तर त्यांचा अर्थ ‘येथे पुरले आहे’ असा. शेवटी पाच अक्षरांचा एक संक्षेप असतो. मृताचा आत्मा जीवनाशी बांधलेला राहो, अशी प्रार्थना त्यात सामावलेली आहे.

चौथी खूण म्हणजे जे नसते ते. इतर देशांतील ज्यू थडग्यांवर आशीर्वाद देणाऱ्या दोन हातांचे चिन्ह दिसते. ती ‘कोहेन’ या पुरोहित घराण्याची निशाणी. बेने इस्रायलांत परंपरेने कोहेन किंवा लेवी अशी घराणी नव्हती. त्यामुळे हे चिन्ह येथे शोधूनही सापडू नये. शोधकाने अभावाचाही अर्थ लावावा, तो असा.

पाचवी खूण आडनावाची. अष्टमकर, दिवेकर, झिराडकर, पेझारकर ही नावे एका कागदावर मांडली तर कुलाबा जिल्ह्याचा (१ जानेवारी १९८१ पासूनचा रायगड) नकाशाच तयार होतो.

गाव सुटले, माती राहिली

अठराव्या शतकापासून हा समाज मुंबईकडे जाऊ लागला. कंपनीच्या पलटणीत आणि पुढे गोदी, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांत त्याला नोकऱ्या मिळाल्या. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. कोकणातही रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९) येथे मंदिरे झाली. अलिबागची इस्रायल आळी आजही त्याच नावाने ओळखली जाते. जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. बायबलातील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण ही त्यांच्या जुन्या सणांची नावे ऐकली तर यांतला कोणता सण परका म्हणावा, हा प्रश्नच पडतो.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि हळूहळू बहुसंख्य समाज तिकडे गेला. १९५१ च्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. आज ती काही हजारांवर आली आहे. परंतु जेथे ‘आपल्या घरी’ म्हणून गेले, तेथे त्यांना एक कडू घोट घ्यावा लागला. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहप्रसंगी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, असे आदेश काढले. तुम्ही खरोखर ज्यू आहात काय, असाच तो प्रश्न होता. समाजाने सत्याग्रही वृत्तीने निदर्शने केली. अखेर १९६४ मध्ये तेथील शासनाने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असे जाहीर केले.

या प्रसंगाच्या प्रकाशात नवगावकडे पाहिले म्हणजे तिचे महत्त्व कळते. कोकणात ते ‘शनवार तेली’ म्हणून वेगळे, तर इस्रायलात मराठी बोलणारे म्हणून वेगळे! ज्यांना दोन्ही ठिकाणी ‘तुम्ही कोण?’ असे विचारले गेले, त्यांना बोट दाखवायला एक जागा होती. ती जागा म्हणजे ही दोन टेकाडे. कथा कागदोपत्री सिद्ध होवो वा न होवो, ज्यांनी आपल्या मृतांची स्मृती इतक्या पिढ्या जपली, त्यांचे नाते या मातीशी सिद्ध झालेलेच आहे. आणि ज्यांनी शतकानुशतके शेजारधर्म पाळला, त्या गावकऱ्यांचाही त्यात वाटा आहे. या समाजाला येथे धर्मासाठी छळ सोसावा लागला नाही, ही आपल्या मुलखाला भूषणावह गोष्ट होय. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तोही या जुन्या नात्याचा उशिरा झालेला स्वीकार म्हणावा लागेल.

समारोप

खारा वारा आणि कोकणचा पाऊस दगडावरची अक्षरे खातो. ज्यांचे वंशज दूर देशी गेले, त्यांच्या थडग्यांवरचे मराठी वाचील कोण? हिब्रू वाचणारे तिकडे पुष्कळ आहेत, पण मराठी वाचणारी पिढी तिकडे ओसरत चालली आहे. म्हणजे हे लेख वाचण्याचे काम आपल्याकडेच येते. आपल्यापैकी जे त्या भागातले आहेत, त्यांनी सुटीत एक दिवस काढावा. समाजाच्या मंडळींची परवानगी घ्यावी, दगड घासू वा रंगवू नये, सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्रे घ्यावीत, लेख जसा असेल तसा, चुकांसह, उतरवून घ्यावा. निघताना एक खडा ठेवावा. इतिहास म्हणजे केवळ गड आणि तह नव्हेत. शेजारच्या आळीतून एके दिवशी उठून गेलेल्या माणसांची आठवण ठेवणे, हाही इतिहासाचाच अभ्यास होय.